मिमुंतच्या गोठ्यातलं खत

१

पहाटेची नमाज झाली की मी कोंबड्या सोडते, जवाच्या भाकरीचा तुकडा ऑलिव्हच्या तेलात बुडवून तोंडात टाकते आणि शेताच्या पायऱ्या उतरते. पन्नास वर्षांत यात खंड पडला तो फक्त बाळंतपणात आणि नवरा गेला त्या आठवड्यात. केतामाच्या या डोंगरात शेती बायकांनी केली आणि पुरुषांनी तिच्याबद्दल गप्पा मारल्या, हे मी त्यांच्या तोंडावर सांगते. कुणाला राग आला तर येऊ दे.

यंदा माझ्या मागोमाग शामा उतरत होती. माझ्या भावाची मुलगी. चौतीस वर्षांची, त्यातली बारा तेतुआन शहरात शिवणाच्या कारखान्यात गेलेली. नवऱ्याने सोडलं असं लोक म्हणतात. ती म्हणते, मीच त्याला सोडलं. माझा तिच्यावर विश्वास आहे. भाऊ वारला तेव्हा त्याच्या तीन पायऱ्यांची जमीन तिच्या नावावर आली आणि सोसायटीमार्फत तिने गांजा लावायचा सरकारी परवाना काढला. ज्या झाडापायी माझा बाप दोन हिवाळे रानात लपून राहिला, त्याच झाडाला आता शिक्का मिळालाय. हसावं की थुंकावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमच्या वाडीला पाच दारं. चार बंद आणि एक माझं. शामा आली तेव्हा मी तिला बोलून दाखवलं नाही, पण त्या रात्री कितीतरी दिवसांनी मी दोन वाट्या डाळ शिजवली.

तिला मातीतलं काहीच येत नव्हतं. बी किती खोल टाकायचं ते ती बोटाला टेप लावून मोजायची.

"आत्या, दीड सेंटिमीटर की दोन?"

"पेरायला आलीस की बाह्या कापायला?"

खताचं मात्र मी हसण्यावारी नेलं नाही. शेळीचं ताजं खत घातलं की भुंगे त्यात अंडी घालतात, आणि मग जमिनीत हुमणी होते. पांढरी, करंगळीएवढी, तपकिरी डोक्याची अळी; मुळं खाते आणि वर रोप उभंच्या उभं वाळतं. म्हणून खत जुनं हवं, मेलेलं, राखेसारखं थंड. असं खत वाडीत एकाच ठिकाणी होतं. मिमुंतच्या गोठ्यात.

मिमुंत माझी शेजारीण. तिचं घर शामाच्या शेताच्या खालच्या अंगाला, माझं वरच्या. अकरा वर्षांपूर्वी ती मुलाकडे हॉलंडला गेली, पुढे तिची खबर नाही. जाताना तिने किल्ली माझ्या हातात ठेवली होती. "तामू, महिन्यातून एकदा दार उघड आणि चूल पेटव. माझं घर थंड पडू देऊ नकोस." मी म्हटलं, पेटवीन. पहिल्या महिन्यात पेटवली. मग शेंगांची काढणी आली, मग बर्फ आलं, मग किल्ली खिळ्याला लटकून राहिली.

मार्चमध्ये शामाने गोठ्याच्या बाहेरच्या, बिनकुलपाच्या दारातून काढून गाढवावरून चौदा पाट्या खत वर आणलं. येताना कमरेला एक मेंदील गुंडाळून आली. आमच्या बायका कमरेला किंवा खांद्यावर घेतात तसा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा जाड पंचा.

"तिथे खुंटीला होता. थोडा फाटलाय. मी शिवते."

"दुसऱ्याच्या खुंटीवरचं उचलतेस?"

"अकरा वर्षांत तिला आठवण आली नाही, आता येणार आहे का?" संध्याकाळपर्यंत तिने तो धुऊन, निळ्या दोऱ्याने रफू करून टाकला. टाके इतके बारीक की मी बोट फिरवून बघितलं. "पण आत्या, एक गंमत. खत वरून थंड होतं, पण हात खाली घातला ना, तर गरम लागलं."

मी म्हटलं, तुझे शहरी हात मऊ झालेत, तुला दगडसुद्धा गरम लागेल.

अकरा वर्षांत त्या गोठ्यात शेळीचं एक पिल्लूही बांधलेलं नव्हतं.

२

मेच्या पहिल्या आठवड्यात रोपं गुडघ्याला आली आणि मधल्या पायरीवरची पाच पिवळी पडली. मी एक चिमटीत धरून वर ओढलं. हातात नुसता देठ आला. खाली मूळच नाही.

मी कुदळीने उकरलं. हुमणी. एकेका रोपाखाली सात-सात, आठ-आठ.

"ही कुठून आली?" शामाने हातातली पाटी आपटली. "तू म्हणालीस जुनं खत, जुनं खत!"

"जुनंच आहे."

"मग?"

 उत्तर नसलं की मी काम सांगते. एकीने उकरायचं, एकीने वेचायचं. दुपारपर्यंत तेलाचा एक डबा भरला. तो मी कोंबड्यांपुढे ओतला. हुमणी म्हणजे कोंबड्यांना ईद. डबा उपडा करण्याआधीच त्या अंगावर धावून येतात. त्या दिवशी धावून आल्या, मान वाकडी करून बघितलं आणि मागे सरल्या. म्हातारा कोंबडा तर भिंतीवर चढून बसला.

"पोट भरलेलं असेल," मी म्हटलं.

"सगळ्यांचं एकदम?"

त्याच दुपारी सोसायटीचा बुजमा गाडी घेऊन आला. पोट सुटलेला, गोड बोलणारा माणूस. लहान असताना माझे अंजीर चोरायचा.

"तामूमावशी, अजून जिवंत?"

"तुझ्याकडे अंजिरांचा हिशेब राहिलाय, म्हणून थांबलेय. बस, चहा घे."

चहा पिता पिता त्याने शामाच्या शेतावर नजर टाकली आणि कप खाली ठेवला. "शामाताई, वीस जूनला पाहणी आहे. पहिलं वर्ष आहे तुझं. निम्म्याहून कमी रोपं उभी दिसली तर परवाना यादीतल्या पुढच्या माणसाला जातो. माझ्या हातात नाही गं ते."

तो गेल्यावर शामा बराच वेळ कपातला पुदिना चमच्याने दाबत बसली.

"परवाना गेला तर मी परत जाईन, आत्या. कारखान्यात मुकादमाशी बोलून ठेवलंय. इथे नुसती बसून काय करू?"

"जा की," मी म्हटलं. "कुणी बांधून ठेवलंय?"

हे म्हणताना मी चार बंद दारांकडे बघत नव्हते. बघायची गरज नव्हती.

३

आम्ही सगळं करून पाहिलं. चर खणून पाणी तुंबवलं. राख पेरली. तंबाखू उकळून त्याचं पाणी ओतलं. रोज डबा भरायचा, रोज दुसऱ्या दिवशी तितकाच भरायचा.

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. अक्षरं शिकले ती खताच्या पोत्यांवरून आणि औषधाच्या बाटल्यांवरून, चाळिशी उलटल्यावर, एकटीने. त्यामुळे कुणी सांगितलं म्हणून मी काही मानत नाही. मी बघते. आणि मी बघितलं ते असं.

हुमणी शेतभर पसरते. इथे ती पट्ट्यात होती. खालच्या बांधापासून, म्हणजे मिमुंतच्या भिंतीपासून, सरळ वर. रुंदी एका माणसाच्या खांद्याएवढी. डावीउजवीकडची रोपं हिरवीगार, मधला पट्टा मेलेला. मी स्वतःला समजावलं, गाढव याच वाटेने वर आलं, खत इथेच जास्त सांडलं. बरोबर होतं ते. पण पट्टा रोज दोन हात वर सरकत होता, आणि वरच्या बांधानंतर शेत संपतं. पुढे माझं अंगण आहे.

दुसरं. हुमणी हातात घेतली की विळ्यासारखी वाकडी होते. मातीतही तशीच पडून असते. या सरळ पडलेल्या होत्या. एकीशेजारी एक, काड्यांसारख्या. सगळ्यांची डोकी वरच्या बाजूला.

"उन्हाने असेल," मी म्हटलं.

"मातीखाली ऊन?" शामा म्हणाली.

मग तो आवाज. थुप-थुप, थुप-थुप. दुपारी, सगळं गप्प असताना. इथे जन्मलेल्या कुणालाही विचारा, तो झोपेतही ओळखेल. हिवाळ्यात वाळलेला माल परातीवर ताणलेल्या पातळ कापडावर पसरतात, वरून झाकतात आणि दोन काठ्यांनी बडवतात. थंडीने राळ ठिसूळ झालेली असते, ती पिठासारखी खाली गळते. डिसेंबर-जानेवारीत सगळा डोंगर असा वाजत असतो. पण मेमध्ये? उन्हात राळ मेणासारखी चिकटते. मेमध्ये बडवणारा माणूस वेडा म्हणायचा.

"कुणाकडे तरी काम चाललंय," शामा म्हणाली. तिला ते विचित्र वाटलं नाही. ती शहरातली.

"पलीकडच्या रानात लाकूडतोडे आलेत. आवाज डोंगरावर आपटून येतो."

"खालून येतोय आत्या. मिमुंतच्या घरातून."

"तुला इथले आवाज काय ठाऊक? पाटी भर आणि गप काम कर."

ती कमरेचा मेंदील आवळून कामाला लागली. पाठीवर निळं रफू दिसत होतं. ती आता आमच्या बायकांसारखीच वाकत होती, गुडघे न दुमडता. मला बरं वाटलं. खरं सांगते, त्या भीतीतही मला बरं वाटलं.

४

जूनच्या दुसऱ्या तारखेला मी किल्ली घेऊन खाली उतरले. भर दुपार, डोक्यावर ऊन. शामा वरच्या पायरीवर उकरत होती.

अकरा वर्षांचं कुलूप तेल घातल्यासारखं उघडलं. आत पहिली खोली. जाळी नाहीत, धूळ नाही. चटई गुंडाळून भिंतीला टेकवलेली, चहाची किटली पालथी. मी चुलीत हात घातला. राख कोमट होती.

कुणी मेंढपाळ राहून गेला असेल. मी हे मोठ्याने म्हटलं. माझाच आवाज मला परक्यासारखा वाटला.

स्वयंपाकघराच्या मागे तीन पायऱ्या उतरून गोठा आहे. त्याचं आतलं दार लोटलेलं होतं, चार बोटं फट. त्या फटीतून ऊब येत होती, भरल्या गोठ्यात दहा शेळ्या दाटीने बसल्यावर येते तशी. आणि थुप-थुप. आता बांधापलीकडून नव्हे, हाताच्या अंतरावरून.

मी डोळा फटीला लावला. आधी खताचा ढीग दिसला. शामाने त्यातून चौदा पाट्या नेल्या होत्या. ढीग छातीएवढा होता, कधी हात लावला नव्हता तसा.

ढिगाच्या पलीकडे ती वाकून बसली होती. माझ्याकडे पाठ. खांद्यावरून मेंदील, पाठीच्या मधोमध निळं रफू. दोन्ही हात वर-खाली होत होते.

माझा संताप झाला. मी इकडे जीव मुठीत धरून आलेय आणि ही कार्टी मला न सांगता इथे खेळ करत बसलीय!

"शामा!" मी ओरडले. "बाहेर ये आधी!"

थुप-थुप थांबली. हात तसेच वर राहिले.

"काय गं आत्या?" शामाने उत्तर दिलं.

उत्तर मागून आलं. दूरवरून, वरच्या पायरीवरून, उघड्या दारातून, उन्हातून. "काय झालं? हाक मारलीस?"

मी मान वळवली नाही. मला वळवता आली नाही. मी त्या पाठीकडे बघत राहिले आणि माझ्या ध्यानात आलं की मेंदिलाचे लाल पट्टे स्थिर आहेत. पांढरे हलत होते. पांढरी हुमणी, सरळ, एकीशेजारी एक, हळूहळू वर सरकत होती, मानेकडे.

मग ती मान वळू लागली, आणि मी तिथून निघाले. पळाले म्हणा. सत्तर वर्षांची बाई पळते ती कशी दिसते ते बघायला सुदैवाने कुणी नव्हतं.

वर शामा कंबरेवर हात ठेवून उभी होती. मेंदील तिच्या कमरेलाच होता.

"साप," मी म्हटलं. "गोठ्यात साप आहे. तिकडे जायचं नाही. समजलं?"

"तुझी एक चप्पल कुठाय?"

"म्हातारी आहे मी. विसरणारच."

५

तिला खरं सांगितलं असतं तर त्याच संध्याकाळी तिने पिशवी भरली असती. तेव्हा मी सांगितलं नाही. हे मी धर्मकृत्य म्हणून लिहीत नाही. मला माझ्या अंगणात दुसऱ्या माणसाचं खोकणं ऐकायचं होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी शामा झऱ्यावर गेली तेव्हा मी दोरीवरचा मेंदील काढला, ओकची सुकी लाकडं काखेत घेतली आणि मिमुंतच्या घरात गेले. गोठ्याकडे बघितलं नाही. चूल पेटवली आणि मेंदील जाळावर टाकला.

"घे," मी म्हटलं. "पेटवली. उशीर झाला, मान्य आहे. माफी मागायची मला सवय नाही, तेवढं समजून घे."

कापड जळाल्याचा वास आला नाही. ओली माती उकरल्यावर येतो तसा वास आला. शेवटचा धागा, तो निळा, राख होईपर्यंत मी हलले नाही. मागच्या बाजूला थुप-थुप चालू होती. ती कधी थांबली ते कळलं नाही; थांबलीय, एवढं कळलं.

"मेंदील वाऱ्याने उडाला," मी शामाला सांगितलं.

"वारा कुठे होता?" तिने विचारलं. मग खांदे उडवले. "जाऊ दे. नाहीतरी मिमुंतचाच होता."

चार दिवसांनी मी पट्टा उकरला. एकही हुमणी नाही. माती थंड, भुसभुशीत. आठव्या दिवशी कोंबड्या आपण होऊन तिथे चरायला गेल्या. पट्टा माझ्या अंगणापासून तीन हातांवर थांबला होता.

वीस जूनला बुजमाने बाकीची रोपं पाहिली आणि टोपी मागे सारली. "शामाताई, पहिल्या वर्षी असं पीक? कुणाची नजर लागेल."

"आत्या आहे ना माझी. तिच्या नजरेपुढे कुणाची लागतेय!"

शामा हसली. परवाना राहिला. तिने तेतुआनला फोन करून मुकादमाला जे काय सांगितलं ते मी लिहीत नाही, पण शब्द निवडून वापरले होते. त्या दिवसापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी खाली जाऊन चूल पेटवते. एकही महिना चुकवला नाही. दिलेला शब्द मी आता पाळते.

६

कापणी झाली, माल सोसायटीला गेला. बडवणीचा वाटा यंदा त्यांनी आम्हालाच दिला. आज जानेवारीची नऊ तारीख. बाहेर बर्फ आहे.

सकाळी शामा म्हणाली, "वरच्या खोलीत मी एकटी बडवते. तू चुलीपाशी बस. तुझे गुडघे रडतायत."

"गुडघे रडत नाहीत. तूच रडतेस माझ्या गुडघ्यांसाठी."

ती हसत जिना चढली. अंगावर राखाडी स्वेटर, कमरेला काही नाही. थोड्या वेळाने थुप-थुप सुरू झाली. हिवाळ्यातली, योग्य वेळेची, कानाला हवी असलेली. मी ऐकत बसले आणि खूप दिवसांनी डोळे मिटले.

मग तिच्यासाठी चहा घेऊन वर गेले.

दार चार बोटं उघडं होतं. फटीतून ऊब येत होती. त्या खोलीत शेगडी नाही, म्हणून तर आम्ही बडवणीला ती निवडली. ती माझ्याकडे पाठ करून वाकली होती. खांद्यावरून मेंदील घेतला होता, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा. गुरुवारच्या बाजारात असे ढिगाने मिळतात. थंडी वाजली असेल, म्हणून घेतला असेल. असं मी म्हटलं, मनात.

पाठीच्या मधोमध निळं रफू होतं. बारीक टाक्यांचं.

पट्टे हलतात का, ते मला दिसलं नाही. फट अरुंद होती आणि माझे डोळे आता चांगले नाहीत. मी उलट्या पावलांनी जिना उतरले. खालच्या पायरीवर बसून पोत्याच्या कागदावर हे लिहिते आहे. चहा शेजारी ठेवलाय, तो पार निवलाय.

वर थुप-थुप चालू आहे. थांबत नाही.

मला एवढंच करायचं आहे. तोंड उघडायचं आणि शामाला हाक मारायची. आत ती असेल तर वरून उत्तर देईल, मला चिडवेल, चहा मागेल. दोनदा मी श्वास भरून घेतला. दोनदा सोडला.

कारण आवाज वरून येतोय, आणि अंगणाकडचं दार मी सकाळी लावलं होतं, ते आता उघडं आहे. बाहेरचं बर्फ अंगणात सगळीकडे सारखं पडलंय. फक्त दारापासून बांधाकडे, खाली मिमुंतच्या घराच्या बाजूला, एका माणसाच्या खांद्याएवढ्या रुंदीचा पट्टा वितळलाय.

हाक मारली तर उत्तर कुठून येईल, ते मला ऐकायचं नाही.